दानाच्या गाईचे दात

दानात मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत, असा आपल्याकडचा जुना शिष्टाचार आहे. लिनक्स या संगणक प्रणालीविषयी एखाद्या सामान्य माणसाने मत मांडले, की गेली तीस वर्षे त्याला याच शिष्टाचाराची आठवण करून दिली जाते. प्रणाली फुकट मिळाली. लिहिणाऱ्यांपैकी कित्येकांनी ती पदरमोड करून, झोप मोडून लिहिली. मग तक्रार कसली? आवडत नसेल तर दुरुस्त करा, दुरुस्त करता येत नसेल तर गप्प बसा. आम्ही या प्रणालीचे पंचवीसेक वर्षांपासूनचे वापरकर्ते आहोत आणि एवढ्या काळात तिच्यासाठी आज्ञावलीची एक ओळही आम्ही लिहिलेली नाही. पत्रे लिहिणे, लेख टंकणे, थोडेफार वाचणे आणि गाणी ऐकणे यापलीकडे आमचा संगणकाशी संबंध नाही. त्यामुळे गाईचे दात मोजण्याचा अधिकार आम्हांला आहे की नाही, हा प्रश्न आमच्यापुरता तरी जिव्हाळ्याचा आहे.

लिनक्सचा इतिहास बहुधा निर्मात्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्यात नायक आहेत, तत्त्वे आहेत, फाटाफुटी आहेत. ज्याच्यासाठी हे सारे झाले असे म्हटले जाते, तो वापरणारा मात्र जुन्या बखरींतल्या रयतेसारखा कुठेतरी मागे उभा असतो. प्रस्तुत लेखात त्याच घटनांकडे या मागच्या माणसाच्या जागेवरून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

या जागेवरून पाहिल्यावर पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी, की या इतिहासाचा उगमच तक्रारीत आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना एका छपाईयंत्राची आज्ञावली दुरुस्त करायची होती. ती पाहण्याची मुभाच नव्हती. त्या आणि तशा अनुभवांतून १९८३ साली त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. पुढे हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स मिनिक्स नावाच्या अध्यापनासाठी लिहिलेल्या प्रणालीच्या मर्यादांवर नाराज झाला आणि त्याने स्वतःचा गाभा लिहायला घेतला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने तो संदेश लिहिला, जो आज लिनक्सची जन्मपत्रिका मानला जातो. आपण केवळ हौस म्हणून एक प्रणाली लिहीत आहोत, हे त्यातले वाक्य सर्वांना ठाऊक आहे. मिनिक्समध्ये लोकांना काय आवडते आणि काय आवडत नाही हे कळवावे, ही त्यातली विनंती मात्र फारशी कोणी लक्षात ठेवत नाही. म्हणजे लिनक्सच्या पहिल्याच संदेशात वापरणाऱ्याचे मत मागितले होते.

अर्थात ते ज्यांच्याकडून मागितले होते, ते सारे प्रोग्रॅम लिहिणारेच होते. नुसता गाभा घेऊन कोणाला काही करता येत नाही. त्याच्याभोवती ग्नूची उपकरणे, खिडक्या दाखवणारी यंत्रणा, संपादक, छपाईची सोय हे सारे जमवून, एकमेकांशी जुळवून, एकत्र बांधून द्यावे लागते. या बांधलेल्या गाठोड्याला 'वितरण' म्हणतात. १९९२ साली आलेले एसएलएस हे अशा आरंभीच्या वितरणांपैकी एक. त्यात चुका पुष्कळ होत्या. त्या चुका दुरुस्त करता करता पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांचे स्लॅकवेअर जुलै १९९३ मध्ये उभे राहिले. त्याच चुकांना वैतागून इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियनची घोषणा केली. आजही जिवंत असलेली ही दोन सर्वांत जुनी वितरणे. दोन्ही एका तिसऱ्या वितरणाविषयीच्या नाराजीतून जन्मली.

तेव्हा 'दात मोजू नका' हा उपदेश या परंपरेला शोभत नाही. तिचे सारे पूर्वज दात मोजणारेच होते. फरक एवढाच, की त्यांना तक्रारीचे रूपांतर आज्ञावलीत करता येत होते. ज्याला ते येत नाही त्याच्या तक्रारीचे काय व्हावे, हा प्रश्न १९९३ साली कोणाला पडण्याचे कारण नव्हते. तसला माणूस अजून या अंगणात आलाच नव्हता.

तो आला १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात. आपल्याकडे तो बहुधा संगणकविषयक मासिकांसोबत मिळणाऱ्या सीडींच्या वाटेने आला. महाजालावरून काही उतरवून घेणे तेव्हा डायलअपच्या गतीमुळे आणि टेलिफोनच्या बिलामुळे अशक्यप्राय होते. 'पीसीक्वेस्ट'सारखे मासिक अंकासोबत लिनक्सची सीडी देई आणि ती घरोघर, मित्रमंडळींत फिरे. आमच्या हाती आलेली पहिली सीडीही अशीच तिसऱ्या हातची होती. तकतीचे विभाजन करताना विचारलेल्या प्रश्नाला आम्ही आत्मविश्वासाने 'होय' असे उत्तर दिले आणि दोन वर्षांचा पत्रव्यवहार नाहीसा झाला. चूक आमची होती. पण तो प्रश्न ज्या भाषेत विचारला होता, तिच्यात 'होय' म्हणजे 'सारे पुसून टाका' असा अर्थ होतो, हे कळण्यासाठी उत्तर आधीच ठाऊक असावे लागत होते.

त्यानंतर गाठ पडली मोडेमशी. त्या काळच्या स्वस्त संगणकांत बसवलेला मोडेम हा पुरता मोडेम नसे. त्याचे निम्मे काम विंडोजमधली आज्ञावली करी. तिच्याविना तो निव्वळ एक हिरवा तुकडा होता. लिनक्सवर हे मोडेम बहुधा चालत नसत; बाहेरून जोडायचा, महाग, खराखुरा मोडेम मात्र बिनतक्रार चाले. लिनक्सची मदत महाजालावर, आणि महाजालावर जाण्यासाठी लिनक्सची मदत हवी, अशा कोंडीत आमच्यासारखे अनेक जण अडकले. जाणकारांना विचारले तर ते म्हणत, दोष मोडेम बनवणाऱ्यांचा आहे, त्यांनी माहिती उघड केलेली नाही. हे खरेच होते. पण खरे उत्तर आणि उपयोगी उत्तर यांत अंतर असते, हा धडा आम्ही तेव्हा शिकलो.

हे अंतर ओळखणारे लोक निर्मात्यांमध्येही होते, हे नमूद केले पाहिजे. ऑक्टोबर १९९६ मध्ये जर्मनीतील माथियास एट्रिश यांनी केडीई प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यांचा मुद्दाच असा होता, की यंत्रणा सांभाळणाऱ्या तज्ज्ञासाठी नव्हे, तर ती केवळ वापरणाऱ्यासाठी एकसारखे दिसणारे, एकसारखे वागणारे पर्यावरण हवे. मात्र केडीई ज्या क्यूट नावाच्या पायावर उभे होते, त्याचा परवाना पुरेसा मुक्त नव्हता. म्हणून १९९७ साली ग्नोम हा दुसरा प्रकल्प निघाला. डेबियनने तर २००० साली क्यूटला जीपीएल परवाना लाभेपर्यंत केडीईला आपल्या मुख्य भांडारात स्थान दिले नाही. दुसरीकडे, फ्रान्समधील गाएल दुव्हाल यांनी १९९८ साली रेड हॅटचे गाठोडे घेऊन त्याला केडीई जोडले आणि मँड्रेक हे वितरण काढले. 'नवशिक्यांनी कोणते घ्यावे' या प्रश्नाला पुढची पाचसहा वर्षे बहुतेकांकडे हेच उत्तर होते.

परवान्याच्या या वादात सामान्य वापरकर्त्याचे मत कोणी विचारले नाही. विचारले असते तर त्याने 'जे चालते ते द्या' असेच म्हटले असते, आणि ते चुकीचे ठरले असते. परवान्याविषयी हट्ट धरणाऱ्यांमुळेच अखेर क्यूट मुक्त झाले आणि आम्हांला दोन चांगली पर्यावरणे मिळाली. तेव्हा सामान्य माणसाचे मत नेहमी बरोबरच असते, असा आमचा दावा नाही. आपल्या हिताची प्रत्येक गोष्ट त्याला कळत नाही. त्याला काय टोचते आहे, हे मात्र त्याच्याइतके दुसऱ्या कोणालाच कळत नाही.

या टोचण्याचा पद्धतशीर शोध घेण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न २००१ साली झाला. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने काही माणसांना ग्नोमसमोर बसवून साधी साधी कामे करायला सांगितली आणि ती कुठे अडखळतात हे टिपून ठेवले. निर्मात्यांना उघड वाटणाऱ्या कितीतरी गोष्टी त्या माणसांना उमगल्याच नाहीत. जून २००२ मध्ये आलेले ग्नोम २ यामुळे बरेच सोपे झाले. पण येथूनच एक नवे पात्र या कथेत शिरले, ते म्हणजे 'कल्पित वापरकर्ता'. तो भोळा आहे, पर्यायांना घाबरतो, असे गृहीत धरून पर्याय काढून टाकले जाऊ लागले. डिसेंबर २००५ मध्ये खुद्द टॉरव्हाल्ड्स यांनी यावर कडक टीका केली आणि लोकांनी केडीई वापरावे असे सुचवले. वापरणाऱ्याला मूर्ख समजलात तर मूर्खच तेवढे तुमच्याकडे उरतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

टॉरव्हाल्ड्स यांचे उदाहरण येथे फार बोलके आहे. २००८च्या जानेवारीत आलेल्या केडीई ४ने नाराज होऊन ते ग्नोमकडे गेले, आणि २०११ साली ग्नोम ३वर चिडून एक्सएफसीईकडे. गाभ्याचा हा जनक खिडक्या आणि बटणांच्या बाबतीत आमच्यासारखाच कुरकुरणारा गिऱ्हाईक होता. २००७ साली त्यांनी ग्नोमला दुरुस्त्या लिहूनही पाठवल्या. तेवढे आम्हांला जमले नसते. पण एरवी त्यांनीही तेच केले, जे आम्ही करतो: बिऱ्हाड हलवले.

बिऱ्हाड हलवता येणे हीच लिनक्स वापरणाऱ्याची खरी ताकद आहे. त्याच्यापाशी पैसे नाहीत, मताधिकार नाही, पण निघून जाण्याची मोकळीक आहे. रेड हॅटने २००३ साली घरगुती वापराचे आपले वितरण नवव्या आवृत्तीनंतर बंद केले आणि लक्ष उद्योगांकडे वळवले, तेव्हा अनेकांनी ही मोकळीक वापरली. कोणी फेडोराकडे गेले, कोणी मँड्रेककडे, आणि पुढच्याच वर्षी, २० ऑक्टोबर २००४ रोजी, मार्क शटलवर्थ यांचे उबुंटू आले.

उबुंटूने आमच्यासारख्यांसाठी जे केले ते आधी कोणी केले नव्हते, हे मान्य करावेच लागेल. पाया डेबियनचा, दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, एकाच सीडीत सारे काही. आणि ती सीडी मागितली की टपालखर्चासकट फुकट घरपोच. परदेशातून आलेले ते पाकीट पोस्टमनने हाती ठेवले, तेव्हा आमच्या घरात झालेले कौतुक अजून आठवते. एप्रिल २०११ मध्ये ही योजना बंद झाली. मनुष्यमात्रासाठी लिनक्स, असे या वितरणाचे ब्रीद होते, आणि आम्हीही मनुष्यांत मोडतो, असे पहिल्यांदाच कोणीतरी आम्हांला सांगत होते.

याच उबुंटूने दात मोजण्याचा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे पुढे आणला. एप्रिल २०१०च्या आवृत्तीत खिडकी बंद करण्याची, लहानमोठी करण्याची बटणे उजवीकडून डावीकडे हलवली गेली. विरोध प्रचंड झाला. त्यावर शटलवर्थ यांनी स्वच्छ शब्दांत सांगितले, की ही लोकशाही नव्हे. अभिप्राय आणि माहिती यांचे स्वागत आहे, पण आराखड्याचे निर्णय मतदानाने होत नाहीत. या सडेतोडपणाचा आम्हांला राग आला नाही. निदान आपण कुठे उभे आहोत हे कळले. पुढच्या वर्षी युनिटी हे नवे पर्यावरण आले. ऑक्टोबर २०१२च्या आवृत्तीत तर संगणकावर स्वतःची फाइल शोधू गेले की शोधाचे शब्द बाहेर जाऊन अॅमेझॉनवरील वस्तू दिसू लागल्या. स्टॉलमन यांनी याला हेरगिरी म्हटले. २०१६ साली ही सोय आपोआप चालू राहणे थांबले, आणि २०१७ साली युनिटीही सोडून देण्यात आली.

मधल्या काळात लोक निघून गेले होते. ग्नोम ३ आणि युनिटी दोन्ही नकोशी झालेली माणसे मोठ्या संख्येने मिंट या वितरणाकडे वळली. जुने ग्नोम २ जसेच्या तसे जिवंत ठेवण्याचा प्रकल्प २०११ साली सुरू केला तो अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने, आणि तिकडच्या मुलखातील एका पेयावरून त्याचे नाव ठेवले माते. मिंटनेही सिनॅमन हे स्वतःचे पर्यावरण उभे केले. हजारोंची कुरकुर आणि एकाची कुवत यांची गाठ पडली की या जगात नवे घर उभे राहते. नुसती कुरकुर वाया जाते हे खरे. पण त्या कुरकुरीविना कुवत असलेल्या माणसालाही कुठे घर बांधावे हे कळत नाही.

येथवरचा इतिहास बटणे उजवीकडे की डावीकडे, अशा गोष्टींचा होता. त्या बाबतीत आमचे मत ऐकले नाही, तरी ब्राझीलच्या किंवा पोलंडच्या कोणीतरी तेच मत मांडलेले असे. आमची गैरहजेरी जाणवण्यासारखी नव्हती. एका बाबतीत मात्र आमच्यावाचून दुसरे कोणी बोलणारच नव्हते. ती बाब म्हणजे आमची लिपी.

योगायोग असा, की ज्या १९९१ साली लिनक्सचा गाभा प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि तिच्यात देवनागरी होती. पण संकेतांक मिळणे वेगळे आणि पडद्यावर अक्षर नीट उमटणे वेगळे. आरंभीच्या काळात लिनक्सवर मराठी मजकूर उघडला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी उमटण्याऐवजी नंतर उमटे, जोडाक्षरे फुटून हलन्तांची रांग लागे. पँगोसारखी अक्षरजुळणीची यंत्रणा आली, २००४ साली रेड हॅटने लोहित हे भारतीय लिप्यांचे टंक मुक्त परवान्याखाली दिले, पुण्यात आणि मुंबईत भाषांतराची कामे सुरू झाली, २००७ साली सी-डॅकने डेबियनवर आधारलेले बॉस हे वितरण काढले, तेव्हा चित्र हळूहळू पालटले.

तरीही एक टोचणी उरली. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यांना' निराळे आणि 'आचाऱ्यांना' निराळे. मराठीत हा अर्ध्या र-चा भेद अर्थाचा भेद आहे. हिंदीला त्याची गरज पडत नाही. युनिकोडमध्ये ज्या ऱ-पासून हा अर्धा र मिळवला जातो, ते अक्षर मुळात द्राविडी भाषांतील उच्चार दाखवण्यासाठी ठेवलेले आहे. त्यामुळे कळफलकावर ते कुठे असावे, टंकात त्याचे अर्धे रूप कसे असावे, हे मराठी लिहिणाऱ्या माणसाने सांगितल्यावाचून कोणाला सुचणार? ज्या टंकात ते रूप नसे, त्यात आमच्या दऱ्यांच्या जागी हलन्त लावलेला काहीतरी तुटका आकार दिसे. मराठी वळणाचे ल आणि श यांचीही तीच कथा. हेलसिंकीचा प्रतिभावंत किंवा दक्षिण आफ्रिकेचा धनिक यांपैकी कोणालाही ही उणीव जाणवणे शक्य नव्हते. ती दिसण्यासाठी आज्ञावली येण्याची गरज नाही. मराठी येण्याची आहे.

आणि नेमके येथेच मत मांडण्याची वाट अरुंद आहे. चूक नोंदवायची तर ती इंग्रजीत, ठरावीक रकाने भरून, आवृत्तीचे आकडे देऊन नोंदवावी लागते. ज्याला ही उणीव सर्वांत जास्त टोचते, तो बहुधा केवळ मराठीत लिहिणारा माणूस असतो, आणि त्याचा आवाज त्या दारापर्यंत पोहोचत नाही. दोन्ही भाषा जाणणाऱ्यांनी मध्ये उभे राहायचे असते. आम्ही ते फार थोडे केले, हा या लेखातला आमचा कबुलीजबाब समजावा. बटणांच्या जागेवर आम्ही जितके बोललो, त्याच्या दशांशानेही अर्ध्या र-विषयी बोललो नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डेबियनने १९९७ साली एक सामाजिक करार स्वीकारला. त्यात प्रकल्पाचे अग्रक्रम म्हणून दोन गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्या आहेत: आमचे वापरकर्ते आणि मुक्त आज्ञावली. दानपत्रात देणारा घेणाऱ्याला असे वचन देत नाही. जीपीएल परवानाही दान देत नाही, हक्क देतो: वापरण्याचा, पाहण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा. मोफत आणि मुक्त यांतला भेद स्टॉलमन सतत सांगत आले, तो याचसाठी. तेव्हा ही दानाची गाय नाहीच. हे गायरान आहे. गायरान कोणी कोणाला दिलेले नसते. त्यावर गावाचा हक्क असतो. तेथे कुंपण कुठे मोडले आहे, हे सांगायला स्वतः कुंपण घालता येण्याची अट नसते. मात्र जो रोज गुरे चारतो आणि मोडलेले कुंपण पाहूनही सांगत नाही, तो गावाचा अपराधी ठरतो.

गायराने जातात कशी, हेही आपण पाहिले आहे. आज लिनक्सचा गाभा अँड्रॉइडच्या रूपाने कोट्यवधी मराठी माणसांच्या खिशात आहे; २०१७ पासून जगातील पाचशे सर्वांत बलाढ्य महासंगणक त्यावरच चालतात. पण खिशातल्या त्या लिनक्सवरून बिऱ्हाड हलवण्याची मोकळीक बहुतेकांना नाही. टेबलावरच्या संगणकांत लिनक्सचा वाटा अजून काही टक्क्यांपलीकडे गेलेला नाही. मात्र ती मोकळीक तेथेच शाबूत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सर्वसाधारण आधार संपला आणि चांगले चालणारे कित्येक संगणक एका दिवसात जुने ठरले. त्यांच्या मालकांपैकी काही जण या अंगणात येत आहेत. ते आमच्यासारखेच चुकीच्या प्रश्नाला 'होय' म्हणतील, बटणांवरून भांडतील, आणि कोणीतरी त्यांना गाईची आणि दातांची म्हण ऐकवील.

आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिकांनी गेल्या हिवाळ्यात आपल्या जुन्या लॅपटॉपवर मिंट घालून घेतले. आठवड्याभराने त्या विचारत आल्या, की कळफलकावर 'दुसऱ्या' कसे लिहायचे. आम्ही कळ दाखवली. "ही गोष्ट कुठे लिहून ठेवलेली का नाही?" त्यांनी विचारले. आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या रात्री आम्ही इंग्रजीतले ते रकाने भरायला बसलो.